मध्यंतरानंतरचं संत्रं

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे नोएडाला राहतात. बोलणं जवळजवळ बंदच. चार मराठी माणसांत बसले तर तोंड उघडतील, या आशेने मी त्यांना आमच्या मंडळाच्या सिनेमाला नेलं.

मंडळ म्हणजे गणपती, कोजागिरी आणि पानिपतची सहल. पण पुण्याहून नव्याने आलेल्या आयटीवाल्यांना जागतिक सिनेमाचं वेड होतं, म्हणून थेट चिनी सिनेमा. परिचय करून देणारे गृहस्थ 'स्मृतीचं धुकं' आणि 'काळाचं विघटन' यांवर इतकं बोलले की त्यांना शाल-श्रीफळ देऊन खाली बसवावं लागलं.

सिनेमात नदीकाठचं एक घर. नवऱ्यासमोर बसून बायको संत्रं सोलते, बराच वेळ सोलते. एके दिवशी होडीत बसून निघून जाते. मग तो धुक्यात तिला शोधत हिंडतो. कोणी बोलत नाही, छप्पर गळत राहतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या काकू घोरू लागल्या होत्या. बाबा मात्र टक लावून बघत होते.

असल्या सिनेमाला मध्यंतर नसतं. पण आमच्याकडे मध्यंतरात बटाटेवडा मिळाला नाही तर सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीत पडतो. त्यामुळे भर धुक्यात वडे आले. तेवढ्यात लॅपटॉप बंद पडला, आणि पुन्हा लावला तेव्हा सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तेच घर, तेच संत्रं. चटणीची बोटं पुसत सगळे गंभीरपणे बघत होते. मला राहवेना. सांगायला उठले, तर बाबांनी हात धरून मला खाली बसवलं.

होडी येण्याआधीच हॉलची वेळ संपली. तरी चर्चा झालीच.

"उत्तरार्धात पूर्वार्ध जसाच्या तसा ठेवलाय. यार, हे धाडस आपल्याकडे कोणी करेल का?" एक आयटीवाला म्हणाला.

"बिल्कुल नाही," परिचयवाले म्हणाले. "आठवण अशीच परत येते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हसावं की रडावं कळेना.

गाडीत मी चिडूनच विचारलं, "बाबा, तुमच्या लक्षात आलं होतं ना? मग मला का बसवलंत?"



"अगं, ती परत आली होती," ते म्हणाले. "त्याच्यासमोर बसली होती. तू बंद करायला लावलं असतंस."