भागीदार मागायला मामांना नेलं

शेतकऱ्यांना हार्वेस्टर भाड्यानं मिळवून देणारं ॲप मी लाखनीत एकट्यानं बनवलं, आणि पहिल्याच धानकापणीत एकच मशीन एकाच सकाळी दोघांना कबूल केलं. दोघंही घरी आले. मी आईला पुढं केलं आणि मागच्या दारानं निघालो. पळता पळता पटलं, आपल्याला भागीदार हवा.

कॉलेजातली एक वर्गमैत्रीण आठवली. ती बपेऱ्याला घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअर लिहायची. फोनवर म्हणाली, "घरी या, बाबांसमोर बोलू." मुलीच्या घरी एकट्यानं कसं जायचं, म्हणून मामांना घेतलं. मामांनी आयुष्यभर सोयरिकी जुळवल्या. त्यांनी नवा दुपट्टा काढला, वाटेत पेढे घेतले. मला तरीही काही खटकलं नाही.

मामांचा थाट पाहून तिच्या घरच्यांनी आलूपोहे केले.

"पोरगा निर्व्यसनी आहे," मामा म्हणाले. "पुण्याची नोकरी सुटली, पन सभावानं गरीब आहे."

तिच्या वडिलांनी शेती विचारली, आजार विचारले. भागीदारीत हेही विचारत असतील, असं समजून मी दाढेच्या ऑपरेशनसकट सगळं सांगितलं. शेवटी ती बाहेर आली.

"बाबा, हे मले पाहाले नाही आले. धंद्यासाठी आले."

मग तिनं माझ्याच फोनवर ॲप उघडलं.

"हे एकट्यानं केलं?"

"हो!"

"दिसून राहिलं."

तिच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"उद्या शेतकरी भांडाले आले, तं पुढं कोन जाईन?" वर्गमैत्रिणीनं विचारलं.

"तुम्ही," मी मोकळ्या मनानं म्हणालो. "तुम्ही छान बोलता."

"म्हनजे तुमाले भागीदार नाही, शिव्या खाणारं मानूस पाहिजे. मले नाही जमत."

वडिलांनी पेढ्यांचा पुडा मामांच्या हातात परत ठेवला. "लग्नाचं असतं तं इचार तरी केला असता, पाव्हणे. धंद्यात मानूस पाहा लागते."

तुमसर आलं तसा मामांनी गाडीवर मागं पेढ्यांचा पुडा सोडला. मी म्हणालो, "मामा, मंग तुमीच या ना माह्यासंगं."

"बहिणीचा पोरगा आहेस म्हनून इथवर आलो," मामा पेढा चघळत म्हणाले. "नुसता ओळखीचा असतास, तं घरूनच नाही म्हनलो असतो."

घरी पोचल्यावर मी ॲपच्या पहिल्या पानावर 'संस्थापक' असं लिहिलं आणि खाली माझा एकट्याचा फोटो लावला. हसरा.