गाडीखालचा मोत्या

वसतिगृहातल्या मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत सकाळी मी लिहिलं की आमचा कुत्रा मोत्या बैलगाडीच्या सावलीत मजेत चालतो आहे. ते चूक होतं. तो गाडीखाली आसाला बांधलेला होता, आणि दोरी मीच बांधली होती.

कुहीहून पारशिवनीला देवीकडे जाताना तो दरवर्षी असाच येतो. पण आता तो तेरा वर्षांचा आहे. दुपारी ट्रकच्या भोंग्याने बैल उधळले. मोत्या पडला आणि फरफटत गेला. मी किंचाळले, तेव्हा बाबांनी कासरे ओढले. त्याचे पुढचे दोन्ही पंजे सोलून निघालेत.

आंब्याखाली मुक्काम टाकल्यावर मी म्हटलं, "बाबा, त्याले गाडीत घेऊ नं."

"नवसाचे तांदूळ आहेत वर. देवीच्या तांदळाजवळ कुत्रं बसवाचं काय वं?"

"मंग तांदूळ खाली घेऊ."

"अन् नेईन कोण? तू, डोक्यावर? कॉलेजवाली!"

आईसुद्धा हसली. देवीचा मान मलाही मोडायचा नाही. तुम्ही काय केलं असतं?

उद्या गुरुवारी बैलांना विसावा आहे. शुक्रवारी सकाळी गाडी जुंपली की मोत्या वर बसेल आणि तांदळाचं गाठोडं माझ्या डोक्यावर असेल.