अग्नीचं नाव मोठ्यानं

मला मंत्रातलं काही कळत नाही. चौथीपर्यंत शाळा, मग पत्र्याचं काम, मग कुवेत. एसीचे डक्ट जोडण्यात जन्म गेला. मुलगा इथेच नोकरीला लागला तेव्हा बायको गावाहून आली, मंगफच्या या फ्लॅटमध्ये, आणि तेव्हापासून रोज सकाळी लक्ष्मीचं सूक्त माझ्या कानावर.

देव्हारा स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या कपाटात. सूक्त म्हणताना मध्ये बोलायचं नाही, जोडलेले हात सोडायचे नाहीत, हा तिचा नेम. आणि दूध नेमकं त्याच वेळी गॅसवर. मग ती काय करायची? सूक्तात अग्नीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. ते आलं की एकदम आवाज चढवायची आणि डोळ्यांनी गॅस दाखवायची. मी उठून बारीक करायचो. घोडे, रथ आणि हत्ती यांची एक ओळ आहे. मी अंथरुणात असलो तर ती ओळ भिंतीपलीकडून अशी यायची, की हत्तीच घरात शिरलाय.

एकदा मी वैतागून विचारलं, "पूजा लक्ष्मीची, मग त्या अग्नीला सारखी हाक कशाला?"

सूक्त संपवलं, नमस्कार केला, मगच बोलली. "लक्ष्मीला आपण थेट नाही बोलवत. अग्नीला सांगायचं, बाबा रे, तू तिला घेऊन ये. माणसांचं देवांपर्यंत तोच पोचवतो."

"म्हणजे मंदूब," मी म्हटलं. इथे प्रत्येक कंपनीत एक मंदूब असतो. आपले राहण्याच्या परवान्याचे कागद सरकारी हापिसात तोच नेतो, तोच आणतो. आपण दारात उभं राहून चालत नाही.

"अहो, देवाला मंदूब म्हणता? जीभ झडेल." असं म्हणाली आणि तोंड फिरवून हसली. त्यानंतर अग्नीचं नाव आलं की हसू दाबायला लागायची, म्हणून ते आणखी जोरात बाहेर पडायचं.

मागल्या वर्षी ती गेली. फोटो पुष्कळ आहेत. फोटो ओरडत नाहीत.

सुनेनं एकदा तिचं सूक्त फोनवर रेकॉर्ड करून मुलाला पाठवलं होतं. वर्षश्राद्ध झाल्यावर एका शुक्रवारी मुलानं इथली मराठी मंडळी घरी बोलावली. म्हणाला, आईच्या आवाजातलं सूक्त सगळ्यांना ऐकवू. बँकवाले आले, कॉम्प्युटरवाले आले. हवल्लीला एक अकाउंटंट राहतात, ते सुट्टीच्या दिवशी मंडळींना वेदातले देव शिकवतात. इंद्र असा, वरुण तसा, वायू कुणाचा कोण. मी एकदा जाऊन बसलो होतो. उन्हाळ्यात गच्चीवर डक्ट जोडताना तो वरुण आणि तो वायू मला कधी भेटले नाहीत, असं म्हटलं, तेव्हापासून मला बोलावत नाहीत. तर मुलानं ते रेकॉर्डिंग या अकाउंटंटना दिलं होतं, आणि त्यांनी ते कॉम्प्युटरवर घालून साफ केलं होतं.

लावलं. मी कान देऊन बसलो. कुकरची शिट्टी नाही. भांड्याचा आवाज नाही. अग्नीचं नाव आलं आणि सरळ निघून गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. हत्तीसुद्धा मांजराच्या पावलांनी गेले. बायका डोळे पुसायला लागल्या. मला घाम फुटला.

"बंद करा," मी म्हटलं. "कोण बाई आहे ही?"

मुलगा म्हणाला, "बाबा, आईच आहे."

"तुझी असेल. माझी बायको अशी गोड कधी बोलली नाही."

अकाउंटंट समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, वेदमंत्रात स्वर ठरलेले असतात. कुठे वर, कुठे खाली, हजारो वर्षं कुणी बदललेलं नाही. काकू काही ठिकाणी नको तिथे चढत होत्या. मी फक्त सारखं केलं."

"नको तिथे नाही. दूध होतं तिथे."

"अं?"

"दूध उतू चाललं होतं. तिनं मला सांगितलं, मी उठलो. तेवढंच तुम्ही पुसलंत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, काका भावुक झालेत, पाणी द्या. भावुक कसला? मला राग आला होता, सरळ राग. म्हातारा चिडला की लोक त्याला पाणी पाजतात.

"मूळचं कुठे आहे?" मी मुलाला विचारलं.

तो चटईकडे बघायला लागला. "फोन बदलला ना बाबा. साफ झालेलं होतंच, म्हणून जुनं ठेवलं नाही." अकाउंटंटांनीही त्या जुन्यावरच नवं चढवलं होतं. म्हणजे संपलं. वर्षभर मी ऐकवा म्हटलं नाही, म्हटलं आहे ना, कुठे जातंय.

मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. मंडळी पुरी-भाजी जेवली. चपला घालताना अकाउंटंट "येतो काका" म्हणाले. मी ओ दिली नाही. देव त्यांचं भलं करो, पण त्या दिवशी नको.

सगळे गेल्यावर सून आत आली. "बाबा, माझ्या फोनमध्ये आहे अजून ते. मी कुठे पुसलंय?"

"मग मघाशी तोंड शिवलं होतंस?"

"एवढ्या लोकांत? त्यात आईंनी माझ्यावरही आवाज चढवलाय, ताट आपटलं म्हणून. माझी शोभा करायची होती का?"

स्वयंपाकघरात तिनं फोन ओट्यावर ठेवला. मी स्टुलावर बसलो. आधी कुकर, मग ताट पडल्याचा खणखणाट, आणि त्यावर बायकोचा चढलेला आवाज. सुनेनं जीभ चावली. मग अग्नीचं नाव आलं. असं आलं, की मी उठलो आणि शेगडीच्या बटणाला हात घातला.

गॅस बंदच होता. वर भांडंसुद्धा नव्हतं.

"काय बघतेस?" मी सुनेला म्हटलं. "बाई गेली तरी बसू देत नाही."

नाव पुढे अजून येणार होतं, मला ठाऊक होतं. बसण्यात काही अर्थ नव्हता. मी शेगडीपाशी उभाच राहिलो.