खो-खोचं मैदान बायपासला न्यायचं का?

रविवारी सकाळी दहाला मीटिंग होती आणि मी शनिवारपासूनच भांडायच्या तयारीत होते. धाराशिवात आमच्या मंडळाचा मुलींचा खो-खो संघ आहे. तो गावातलं मैदान सोडून बायपासच्या पलीकडच्या नव्या स्टेडियमवर न्यायचा का नाही, हा एकच विषय...

मी याच मैदानावर नऊ वर्षं खेळले आणि आता बारा वर्षं शिकवतेय. शाळेतलं काम संपलं की आधी मैदान, मग घर. इथल्या मातीनं माझे दोन्ही गुडघे सोलून काढलेत, पण तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला खपत नाही.

नव्या जागेवर मॅट आहे, लाइट आहेत, सगळं चकाचक. पण एसटी स्टँडपासून पाच किलोमीटर लांब... आमच्या निम्म्या पोरी बेंबळी आणि आसपासच्या गावांतून एसटीनं येतात, उतरल्या की पाच मिनिटांत मैदानावर. तिकडं नेलं तर आईबाप पाठवायचे नाहीत, आणि पोरगी एकदा घरी बसली की तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमचे अध्यक्ष जाधव सर हलवायच्या बाजूचे. माणूस सज्जन, पण नवीन काही दिसलं की भुलणारा, असं माझं मत (सर, वाचत असाल तर राग सोडा आता). स्टेडियमवाल्यांना सोमवारी होय-नाही कळवायचं होतं, म्हणजे काय तो निकाल रविवारीच.

अकरा सभासद. पाच त्यांचे, पाच आमचे, एक काठावर. मग मला एक आयडिया सुचली... एखाद्या आईलाच मीटिंगला बोलवायचं. तिच्या तोंडून 'आम्ही पाठवणार नाही' ऐकलं की सगळे गार.

मी सुमनताईंना फोन केला. आमच्या कॅप्टनची, रूपालीची आई. घर बेंबळीला, शेळ्या-मेंढ्यांचा व्याप मोठा, तरी त्या दिवशी मेंढरं दिराच्या हवाली करून बाई पहिल्या एसटीनं आल्या. मला वाटलं, झालं आपलं काम.

मीटिंग लई तापली. सर म्हणाले, मॅटवर सराव नाही म्हणून आपण राज्य स्पर्धेत मार खातो. मी म्हटलं, पोरीच उरल्या नाहीत तर मॅटवर काय तुम्ही पळणार? एक-दोघं हसले, सर नाही हसले. वरून मी तोऱ्यात होते, पण मनातून घाबरले होते. हे मैदान गेलं तर रूपालीसारख्या चार-पाच जणींचा खेळ संपला, असं मला खरंच वाटत होतं.

मग मी सुमनताईंना बोलायला उभं केलं. त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडंच बघून बोलल्या, "मॅडम म्हणत्यात ते खरं हाय. तिकडं लांब पडंल, जिवाला घोर लागंल." मी सरांकडं बघितलं... कशी जिरली, अशा नजरेनं.

"पण इथं पोरींना जायाला जागा न्हाय. माझी पोरगी खेळायच्या दिशी दुपारपास्नं पाण्याचा घोट घेत न्हाय. तिकडं संडास हाय म्हणं. मग न्या की तिकडंच."

पुरुष मंडळी खाली बघायला लागली. मी म्हटलं, अहो, पण ती मला कधी बोलली नाही... तर सुमनताई अगदी साधेपणानं म्हणाल्या, "तुमाला काय सांगायचं, मॅडम? तुमीच तर शिकवलंय तिला."

खरं होतं ते. आम्ही खेळायचो तेव्हा सीनियर ताईंनी आम्हाला सांगितलं होतं, तीननंतर पाणी प्यायचं नाही, म्हणजे अडचण येत नाही. मी तेच प्रत्येक बॅचला सांगत आले, वर 'पोट हलकं राहतं, पळायला बरं' अशी पुस्तीही जोडली. एप्रिलच्या उन्हातसुद्धा... आणि रोज सरावाआधी त्याच पोरींकडून मैदानावर बादल्याच्या बादल्या पाणी मारून घ्यायचे, धूळ बसावी म्हणून.

मला राग आला. आधी सुमनताईंचा आला, खोटं कशाला बोलू. मग सरांचा, इतकी वर्षं मंडळ चालवलं आणि साधी एक खोली बांधता आली नाही. आणि मग माझा स्वतःचा, तो अजून गेलेला नाही. मी बाईमाणूस, त्याच मैदानावर घसा कोरडा ठेवून खेळलेली... आणि भांडत होते मातीसाठी.

हात वर करायची वेळ आली. माझा हात हलवायच्या बाजूनं वर गेला आणि आमच्या बाजूचे चौघं माझ्याकडं बघतच राहिले. अट मात्र मी घातली, स्टँडवरून पोरींची ने-आण करायला मंडळानं गाडी लावायची, नाहीतर एकही पोरगी तिकडं जाणार नाही. सरांनी तिथंच ओळखीच्या जीपवाल्याला फोन लावला.

आज आठवडा झाला. जीप सुरू झाली, रूपाली येतेय. दोघींच्या घरून अजून होकार नाही... उद्या मी स्वतः जाणार आहे, पाया पडायची वेळ आली तरी पडेन. सुमनताई, तुम्ही मेंढरं सोडून आलात आणि सगळ्यांसमोर खरं बोललात, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आणि पोरींनो, तुम्ही हे वाचताय, मला माहितीय. चुकलं माझं. पाणी प्या.