कार्बोरेटरची सुई

लग्न होऊन मी चौलला आले तेव्हा घरात आम्ही दोघंच, आणि पडवीत एक मोटारसायकल. हे गुरांचे डॉक्टर. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली ती विलायती गाडी यांनी हौसेने घेतली होती. तिचा आवाज आला की बांधावरच्या म्हशी सैरावैरा पळत. "ज्यांना बरं करायचं त्यांनाच आधी घाबरवता," असं मी यांना चिडवत असे.

पुढच्या वर्षी कार्बोरेटर गळायला लागला. त्याच्या आत पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. ती भरली की एक बारीक पितळी सुई सरकून पेट्रोलची वाट बंद करते. आमच्या सुईचं टोक झिजलं होतं. पेट्रोल वाहून जाई आणि इंजिन गुदमरून बंद पडे. यांनी टोक घासून पाहिलं, अलिबागच्या सोनाराकडून डाग देऊन भरून आणलं. थोडे दिवस बरे जात, की पुन्हा तेच. मुंबईच्या एजंटाने तर कळवून टाकलं होतं, या गाडीचे भाग आता येत नाहीत.

एकदा डोंगराकडच्या एका वाडीतून म्हैस अडल्याचा निरोप आला. गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली. हे पिशवी घेऊन पळत गेले. पोहोचले तोवर म्हैस आणि पोटातलं पारडू, दोन्ही गेली होती. त्या घरच्या बाईने यांना बोल लावला नाही, उलट तांब्याभर पाणी आणून दिलं.

"चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," हे घरी येऊन म्हणाले आणि न जेवताच झोपले. सकाळी म्हणाले, "गाडी भंगारात देऊन टाकतो."

मी भावाकडे बारशाला मुंबईला निघाले होते. म्हटलं, "ती सुई काढून द्या मला."

"अगं, एजंटाकडे नाही ती तुला कुठे मिळणार?"

"नाही मिळाली तर परत आणीन."

यांनी सुई कापसात गुंडाळली आणि काड्यापेटीत घालून माझ्या हातात दिली.

बारसं आटोपल्यावर वहिनीला 'भाजी घेऊन येते' सांगून मी जुन्या सामानाच्या बाजारात गेले. एकटी बाई तिथे मीच. दुकानदार सुईकडे बघत आणि मान हलवत. एकाने तर शिवणाच्या सुया पुढे केल्या. शेवटी एका दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. त्यांनी सुई उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही.

"कहाँ से आयी हो?"

"चौलहून."

त्यांचा चेहराच बदलला. "चौलाची? कुठल्या पाखाडीतली गो तू? आमचं घर रेवदंड्याला, बंदराजवळ."

मग त्यांनी सगळं विचारलं. मी यांचं काम सांगितलं, त्या म्हशीचंही सांगितलं. चाचांनी सुईचं टोक पुन्हा एकदा निरखलं. मग म्हणाले, "दुकानात न्हाय. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाची पुडी माझ्यापुढे ठेवली. आत तशीच सुई होती. टोक जराही न झिजलेलं.

"कुठे मिळाली, चाचा?"

"माझ्या पोराच्या गाडीतली. तो कराचीला गेला. गाडी नंतर नेईन म्हणाला. मी पुसून ठेवतो, पण मला चालवता येत न्हाय."

मी पुडी परत सरकवली. "मग नको. तो आला तर?"

"तो आला तर दुसरी शोधू," चाचा म्हणाले. "ती गाडी उभीच हाय, बाय. तुझी तरी चालू दे." पैशांचं त्यांनी नाव काढू दिलं नाही.

मी सुई आणून दिली तेव्हा यांचा विश्वासच बसेना. हात-पाय न धुता पडवीत बसून यांनी ती बसवली. इंजिन एका लाथेत सुरू झालं. कोणाची सुई ते मी सांगितलं, तशी यांनी गाडी बंद केली.

उन्हाळ्यात आईवडिलांच्या कबरींवर फुलं वाहायला चाचा रेवदंड्याला आले आणि विचारत विचारत आमच्या दारात उभे राहिले. मी चहा आणि तांदळाच्या फेण्या दिल्या. त्यांचं लक्ष सगळं पडवीकडे.

"चक्कर मारून आणतो, चला," हे म्हणाले.

"नको. नुसती सुरू कर, बाबा."

यांनी गाडी सुरू केली. चाचांनी टाकीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. पेट्रोल जपून वापरायचे ते दिवस, तरी यांनी इंजिन बंद केलं नाही. माझ्याकडे बघून 'राहू दे' अशी मान हलवली. चाचा स्वतःहून हात उचलीपर्यंत आम्ही दोघं त्यांच्याजवळ उभे होतो.