आयव्हीला हवा तसा निरोप

स्ट्रॅटफर्ड मागे पडलं तशी आयव्ही कुणाच्या तरी घराच्या बुटक्या भिंतीवर टेकली. "माझ्या प्लेटा गेल्या कामातून," म्हणाली.

प्लेटा म्हणजे पाय. आमच्या पूर्व लंडनचं बोलणंच असं. 'फीट'ला यमक जुळतं म्हणून 'प्लेट्स ऑफ मीट' म्हणायचं, आणि जुळणारं 'मीट'च गाळून टाकायचं. गिऱ्हाइकांना, पोलिसांना कळू नये म्हणून बाजारवाल्यांनी हे काढलं, असं तिची आजी सांगे. खरंखोटं देव जाणे.

तिच्या नवऱ्याच्या, लेनच्या थडग्यावर फुलं ठेवायला निघालो होतो. छातीचं दुखणं आता बरं व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला नुकतंच सांगितलं होतं. मी बसने जाऊ म्हटलं, तर म्हणाली, "चालता येतंय तोवर चालते."

रोमन रोडच्या बाजारात तिचा भाजीचा ठेला होता. लग्न होऊन मी इथे आले ती पुस्तकातलं इंग्रजी घेऊन. तोंड उघडायची भीती वाटे. आयव्ही मला रोज एक शब्द द्यायची. तो मोठ्याने म्हटल्याशिवाय बटाटे पिशवीत पडत नसत. मागच्या बायका ओरडायच्या, "सोड की तिला, आमचं जेवण व्हायचंय!"

"एक दिवस उपाशी राहा, कंबर दिसेल," आयव्ही म्हणायची.

सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. हसता हसताच मी त्यांच्यातली झाले. संध्याकाळी दिवा लावताना आजही तिचं नाव घेते.

थडग्यापाशी फुलं ठेवून ती म्हणाली,

"दफनाच्या वेळी त्या पाद्रीबाबानं माझ्या लेनला पार परका करून टाकला गं. 'लेनर्ड शांतपणे विसावला' म्हणे! लेन आणि शांत? काळ्या घोड्यांची गाडी आणली, सगळं केलं, पण कुणी एकदा हसलं नाही."

"माणूस चांगला आहे तो," मी म्हटलं.

"आहे ना. पण माझंही तसंच करील. पोरं तर एसेक्सला जाऊन साहेबासारखी बोलायला लागली."

तिने माझा हात धरला. आमच्याकडे 'डेड'ला यमक 'ब्राऊन ब्रेड'. मेलेल्या माणसाला तेच म्हणतात, इथे काही गाळत नाहीत.

"माझ्या वेळी तू उभी राहा, पोरी. 'आयव्ही ब्राऊन ब्रेड झाली' असं सांग. मोठ्याने सांग. आणि लोक हसल्याशिवाय खाली बसू नको."