शेषरावांच्या टेलिफोनमधला बिघाड

अकोल्यात टेलिफोन म्हणजे डिप्टी साहेबाच्या बंगल्यावरची वस्तू होती, तेव्हाची गोष्ट. शेषरावांना मळ्यातून घरी चहासाठी हाका मारायचा भारी कंटाळा. म्हणून त्यांनी कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मोडीतले दोन जुने टेलिफोन आणले, कडुनिंबांवरून तार ओढली आणि वांगी सोडून त्या तारेचीच मशागत सुरू केली.

मळ्यातून हँडल फिरवलं की घरी घंटी वाजे, कोणीतरी फोन उचलल्याचं खट्ट ऐकू येई, आणि पुढे सगळं सामसूम. शेषराव हॅलो-हॅलो ओरडून थकले. त्यांनी बॅटऱ्या बदलल्या, तारेचे सांधे घासले, झाडावर चढून धोतर फाडून घेतलं. शेवटी फोन विकणाऱ्याचा उद्धार करत ते तणतणत घरी आले.

"काहून जी, काय झालं?" त्यांच्या बायकोनं, माणिकबाईंनी विचारलं.

"तार मुकी हाय मेली. कोनी बोलतच नाई."

"बोलन कसी? फोन जमुना उचलते. सून कदी सासऱ्यासंगं बोलली काय? तुमचा एकूनएक शब्द आयकून राहिली ना ते, डोक्यावर पदर घेऊन."

दाराआडून बांगड्या वाजल्या. म्हणजे हो.

शेषराव वरमले, पण चहा तर हवाच होता. मग तसंच ठरलं. फोनमध्ये बांगड्या वाजल्या की चहा निघाला समजायचं. आणि शेषराव घरात शिरताना खाकरायचे, तसे आता हँडल फिरवल्यावर आधी फोनमध्ये खाकरत, सुनेला पदर सावरायला सवड देत, आणि मगच हॅलो म्हणत.